निळ्या धुराचे भाव

दोन-स्ट्रोक मोटारसायकलीबद्दल मराठी घरात एकेकाळी एकच प्रश्न विचारला जायचा : "किती देते?" विचारणारे वडील असत, होणारे सासरे असत, नाहीतर शेजारचे बँकेतले काका असत. उत्तरात चाळिशीच्या खालचा आकडा आला की विषय मिटला. गाडी दिसते कशी, उठते कशी, वळणावर झुकते कशी, हे प्रश्न वाया गेलेल्या मुलांचे. आज तेच काका त्याच गाडीवर सिग्नलला उभे असतात. शेजारी एक पोरगा येऊन थांबतो, हेल्मेटची काच वर करतो आणि अदबीने विचारतो, "काका, कितीला देता?"

‘किती देते’पासून ‘कितीला देता’पर्यंत यायला आपल्याला तीसेक वर्षं लागली. या तीस वर्षांत गाडीत काडीची सुधारणा झालेली नाही. धूर तोच, आवाज तोच, पेट्रोल तेवढंच. किक मारताना एक नवा आवाज येतो खरा, पण तो मालकाच्या गुडघ्यातून. भाव मात्र असा चढलाय की ज्यांनी आपली गाडी वेळेवर भंगारात घातली, ते आता घरात हा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

या भावाच्या शिखरावर बसली आहे राजदूत यामाहा आरडी 350. कागदपत्रांसकट, चालू स्थितीतली, बऱ्यापैकी अंगाची आरडी आज काही लाखांच्या खाली कुणी बोलत नाही. 1983 साली हीच गाडी 18 हजारांच्या आसपास शोरूममध्ये उभी होती. उभी होती हेच तिचं दुखणं, कारण घेणारा येत नव्हता.

तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. जपानी आरडी 350 ही 1973 सालची गाडी. तिकडे तिचं आयुष्य तीन वर्षांचं. 1976 मध्ये तिच्या जागी आरडी 400 आली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने ती 1983 मध्ये आपल्याकडे आणली, म्हणजे तिकडच्या हिशेबाने शिळी आणि आपल्या हिशेबाने एकविसाव्या शतकातली. दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. त्या काळी आपल्याकडे चार गिअर म्हणजे चैन होती; सहा गिअरचं करायचं काय, हे लोकांना कळेना. मूळ जपानी इंजिनाची ताकद 39 अश्वशक्ती. इतकी ताकद भारतीय माणसाला झेपणार नाही असं ठरवून ती साडेतीसवर आणली. इथवर ठीक होतं. पण त्याच काटकसरीत पुढचा डिस्क ब्रेक काढून तिथे ड्रम बसवला. वेग जपानी राहिला आणि थांबणं स्वदेशी झालं. आरडी म्हणजे ‘रेस डेव्हलप्ड’ असं जाणकार सांगायचे. ज्यांनी तिला घाट उतरताना पाहिलं होतं ते ‘रॅपिड डेथ’ म्हणायचे. दोघांचंही म्हणणं एकाच गाडीबद्दल होतं, आणि दोघांचंही खरं होतं.

त्यात नाव राजदूत. साठच्या दशकापासून एस्कॉर्ट्सची 175 सीसीची राजदूत गावोगाव फिरत होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लटकवून. जॅकी श्रॉफने 1983 च्या ‘हीरो’ चित्रपटात आरडीवर बसून आपलं काम चोख केलं, पण गावाकडे टाकीवर ‘राजदूत’ वाचलं की पहिला प्रश्न यायचा : म्हशीचं की गाईचं?

पेट्रोलची बोंब झाली तेव्हा कंपनीने ताकद आणखी उतरवली आणि 27 अश्वशक्तीची ‘लो टॉर्क’ काढली. आधीची झाली ‘हाय टॉर्क’. तेव्हा शहाण्या माणसांनी लो टॉर्क घेतली, कारण ती थोडं कमी पीत होती. आज त्या शहाणपणाची शिक्षा ते भोगताहेत. संग्राहकांच्या जगात हाय टॉर्कवाला लो टॉर्कवाल्याशी फार सौम्यपणे बोलतो, तब्येतीची चौकशी करतो, मुलं कुठे शिकतात विचारतो. साडेतीन अश्वशक्तीचा तो फरक रस्त्यावर कधी कुणाला कळला असेल-नसेल. सौद्यात मात्र ठसठशीत कळतो.

नव्वदच्या सुमारास आरडी बंद झाली. मग तिच्या हालांना सुरुवात झाली. सुटे भाग मिळेनात. एका गाडीचा क्रँक गेला की दुसरी बंद गाडी विकत घ्यायची, तिचा क्रँक काढायचा; वर्षाने सिलिंडर गेला की तिसरी शोधायची. अशा रीतीने तीन आरडींची एक आरडी होत गेली. गाड्या दुर्मिळ होतात असं आपण म्हणतो तेव्हा वाटतं की काळाने केलं. काळाला एवढी सवड नसते. ते आपल्या मिस्त्रींनी केलं, दहाच्या पान्याने.

मग ज्या शिल्लक राहिल्या त्या कुणाच्या पुण्याईने? इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, आणि ती या छंदातल्या लोकांना आवडणार नाही. शौकिनांनी एकही गाडी वाचवलेली नाही. शौकिनांनी चालवली. चालवली म्हणजे पिळली, पिळली म्हणजे संपवली. वाचवली ती भित्र्या आणि चिक्कू माणसांनी. हौसेने गाडी घेतली. पहिल्या महिन्यात पेट्रोलचा हिशेब मांडला. दुसऱ्या महिन्यात उतारावर ब्रेक दाबून पाहिला. तिसऱ्या महिन्यात ताडपत्री आणली. पुढची तीस वर्षं त्या ताडपत्रीखाली गुंतवणूक वाढत होती आणि मालकाला पत्ता नव्हता. त्याच तीस वर्षांत जो वेडा रोज पहाटे गाडी काढून घाटात जात होता, त्याच्याकडे आज तीन तुटके पिस्टन आणि कोपराला मारलेली एक पट्टी आहे. त्याच्या गोष्टी ऐकायला लोक जमतात. पैसे घेऊन जातात ते ताडपत्रीवाल्याकडे.

विक्रीच्या जाहिराती वाचाव्यात. ‘ओरिजिनल पेंट. ओरिजिनल चेसिस-इंजिन. सिंगल ओनर. स्टँडर्ड बोअर. फक्त जाणकारांनीच फोन करावा.’ यातलं ‘स्टँडर्ड बोअर’ म्हणजे इंजिन अजून कधी झिजून घासून घ्यावं लागलं नाही. पहिल्या मापाचाच पिस्टन आहे. दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टन सीज होणं हा अपघात नसून संस्कार होता. एकदा सीज झाला की बोअर पाव मिलिमीटर वाढवायची, मग अर्धा, मग पाऊण. एक मिलिमीटरपर्यंत पोचलेला मालक म्हणजे अनुभवी माणूस. आता त्या अनुभवाला कवडीची किंमत नाही. इंजिनाने काहीही अनुभवलेलं नसावं, ही आजची मागणी आहे. ‘जाणकारांनीच’ हे मात्र खोटं. जाणकार फोन करून भाव पाडतो. फोन अजाण माणसाचाच यावा अशी विकणाऱ्याची प्रार्थना असते.

आणि साडीगार्ड! या एका वस्तूवर पीएच.डी. व्हायला हरकत नाही. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून चाकाच्या बाजूला संरक्षण हवं, असं आपल्या मोटार वाहन नियमांतच लिहिलंय. त्यामुळे प्रत्येक गाडी कारखान्यातून साडीगार्ड लावूनच निघायची. आणि प्रत्येक तरुण शोरूममधून थेट पहिल्या मिस्त्रीकडे जाऊन, पेढे वाटायच्याही आधी, ते साडीगार्ड उतरवायचा. साडीगार्ड असलेली गाडी म्हणजे लग्न झालेल्या माणसाची गाडी, आणि यामाहाच्या आरएक्स 100 वर बसून लग्न झालेलं दिसणं ही त्या वयात मानहानी होती. काढलेली साडीगार्डं माळ्यावर गेली, माळ्यावरून भंगारात गेली, काहींवर तोंडली आणि कारली चढली. आज मूळ साडीगार्ड मिळावं म्हणून संग्राहक पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांपासून जुन्या बाजारातल्या पथाऱ्यांपर्यंत वणवण फिरतात. दुकानदार दुसरं, नवं, चकचकीत दाखवतो. हे हात जोडतात : "नवं नको, ओरिजिनल बघा." मिळालं की घरी आणतात, बसवतात, मागे उभे राहून बघतात. बायको विचारते, "मागे बसू?" तर म्हणतात, "नको, ओरखडा येईल."

हे झालं रस्त्यावरच्या गाड्यांचं. खऱ्या रेसिंगच्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा कारभार याहून अजब आहे.

दोन-स्ट्रोक इंजिनाची रचना मुळात उधळी. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्फोट करतं. हे प्रत्येक फेरीत करतं. व्हॉल्व्हची भानगड नाही, पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरमधली दारं उघडतो आणि लावतो. अडचण अशी की जळालेला धूर बाहेर पडत असतानाच नवं पेट्रोल आत येतं, आणि त्यातलं बरंचसं धुराबरोबर तसंच बाहेर निघून जातं. मुंजीच्या पंगतीत मागच्या दाराने उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखं, न जेवता. या पळपुट्या पेट्रोलला परत आत कसं ढकलायचं, हे ज्याला कळलं तो जिंकला. ते कळलं पूर्व जर्मनीतल्या वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरला. महायुद्धात हा माणूस पेनेमुंडेला रॉकेटांच्या कामावर होता. युद्धानंतर चोपाऊ या लहानशा गावात एमझेडच्या कारखान्यात बसून त्याने सायलेन्सरच्या पोटात लपलेलं गुपित शोधलं. धुराच्या नळीला मध्ये फुगवटा द्यायचा आणि पुढे निमुळतं करायचं. आवाजाची लाट आपटून मागे येते आणि पळालेल्या पेट्रोलला दाराशी अडवून परत सिलिंडरमध्ये कोंबते. 1961 पर्यंत त्याच्या 125 सीसीच्या इंजिनातून 25 अश्वशक्ती निघत होती. म्हणजे लिटरमागे 200. तोवर कुठल्याही साध्या, टर्बो वगैरे न लावलेल्या इंजिनाने एवढं दिलं नव्हतं. काडेनकडे पैसे नव्हते, चांगलं पोलाद नव्हतं, सरकार कम्युनिस्ट होतं आणि जिंकायची घाई फक्त त्याला होती.

त्याचा सर्वांत वेगवान स्वार एर्न्स्ट डेग्नर. 1961 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. डेग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. शर्यतीत इंजिन बसलं, आणि त्यानंतर डेग्नर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. तिकडे बायको-मुलांना एका मोटारीच्या डिकीत दडवून सीमेपलीकडे आणलं होतं. जाताना तो काडेनची विद्या घेऊन गेला, आणि ती विद्या थेट हामामात्सूला सुझुकीच्या कारखान्यात उतरली. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, सुझुकीने 50 सीसी गटाचं जगज्जेतेपद मिळवलं. स्वार डेग्नर. दोन-स्ट्रोक इंजिनाला मिळालेलं ते पहिलं जगज्जेतेपद. काडेनच्या एमझेडला असं जगज्जेतेपद शेवटपर्यंत मिळालं नाही. सुझुकाच्या ट्रॅकवर डेग्नरच्या नावाचं वळण आहे. 1962 मध्ये तो तिथे पडला म्हणून. पळून गेला म्हणून नाव दिलं असतं तर आख्खा ट्रॅक द्यावा लागला असता.

या चोपाऊचे उपकार जपानवर याआधीही होतेच. युद्धापूर्वी तिथे डीकेडब्ल्यूचा कारखाना होता आणि त्यांची आरटी 125 ही गाडी युद्धानंतर निम्म्या जगाने उचलली. इंग्रजांनी बीएसए बँटम काढली, अमेरिकेत हार्लेने काढली, आणि 1955 मध्ये यामाहाने आपली पहिली मोटारसायकल वायए-1 काढली तीही त्याच वळणाची. आज संग्राहक ‘ओरिजिनल, ओरिजिनल’ म्हणून टाहो फोडतात तेव्हा मला चोपाऊ आठवतं. या धंद्यात ओरिजिनल एकच गाव आहे, आणि तिथल्या लोकांना फारसे पैसे मिळाले नाहीत.

पुढची चाळीस वर्षं दोन-स्ट्रोकने गाजवली. 1975 मध्ये आगोस्तिनीने यामाहावर 500 सीसीचं जगज्जेतेपद घेतलं, त्या गटात दोन-स्ट्रोकचं ते पहिलं. 1976 आणि 1977 मध्ये बॅरी शीनने सुझुकीवर घेतलं. शेवटचं 2001 मध्ये व्हॅलेंटिनो रॉसीने होंडावर. 2002 पासून 990 सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्यांना दार उघडलं आणि 500 चा खेळ आटोपला. त्या दिवसापासून या गाड्या संग्राहकांच्या हाती लागल्या. हाती लागल्या म्हणजे काय, ज्या उरल्या त्या. कारखान्याची रेसिंग गाडी विकायची नसतेच. मोसम संपला की ती परत जाते, आणि बऱ्याचशा गाड्या आपलं गुपित दुसऱ्याला मिळू नये म्हणून तोडून टाकल्या गेल्या. डेग्नरचा धडा त्याच्या जपानी मालकांनी नीट गिरवला होता.

आता या गाड्यांची किंमत ठरवायची कशी? संग्राहक म्हणतो, चेसिस आणि इंजिनाचे नंबर जुळले पाहिजेत, भाग मूळचे पाहिजेत. पण रेसिंगची गाडी मूळची राहिली तर तिने रेस केली कधी? दोन-स्ट्रोक रेसरचे पिस्टन आणि रिंगा काही शर्यतींत बदलतात, क्रँक ठरावीक तासांनी बदलतो, स्वार पडला की चौकट बदलते. यामाहाच्या टीझेड गाड्या कुणालाही दुकानातून विकत घेऊन शर्यतीत उतरवता येत. त्या उतरवल्याही, आणि वर्षभरात मूळ गाडीतलं उरायचं ते टाकीवरचं स्टिकर, तेही कधीकधी. म्हणजे जी टीझेड जिंकली ती ओरिजिनल नाही आणि जी ओरिजिनल आहे ती कुणातरी श्रीमंत माणसाने घेऊन तळघरात ठेवलेली. जास्त भाव कुणाला, हे आता सांगायला नको. पुन्हा ताडपत्रीच जिंकली.

आपल्याकडे हा पेच पडला नाही, कारण आपल्याकडे रेसिंगची गाडी वेगळी नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी मद्रासजवळ शोलावरमला पडून होती; तिथे वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला. त्या काळातली भारतीय रेसिंग गाडी म्हणजे हेडलाइट, इंडिकेटर आणि साडीगार्ड काढलेली रस्त्यावरचीच गाडी. आरडी होतीच, मग ऐंशीच्या दशकात 100 सीसीच्या जपानी गाड्या आल्या : टीव्हीएसची इंड-सुझुकी, आपल्या आकुर्डीची कावासाकी बजाज, आणि यामाहा आरएक्स 100. सगळ्या दोन-स्ट्रोक. रविवारी दिवा काढायचा, सोमवारी लावायचा आणि ऑफिसला जायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसलेल्या माणसाला जपानी इंजिनाच्या हेडमधून किती कापायचं हे कागद न बघता कळायचं. अजूनही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात तेव्हा दोन-स्ट्रोक गाड्या वेगळ्या गटात उतरतात. बाजूला उभ्या असलेल्या कोट्यवधींच्या मोटारींपेक्षा त्यांच्याभोवती गर्दी जास्त असते, आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरत असतात. भावनेने नव्हे, धुराने.

आरएक्स 100 बद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहिले पाहिजेत. 1985 च्या अखेरीस ती आली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. त्याच वर्षी हीरो होंडा सीडी 100 आली होती, चार-स्ट्रोक, ‘किती देते’ या प्रश्नाला छाती फुगवून उत्तर देणारी. शहाण्यांनी होंडा घेतली आणि ते आयुष्यात पुढे गेले. उरलेल्यांनी आरएक्स घेतली आणि ते फक्त सिग्नलवरून पुढे गेले. पण काय गेले!

तिच्या आवाजाचं लोकांना एवढं वेड का, याचं उत्तर कंपनीच्या बिल्ल्यावर आहे. तीन ट्यूनिंग फोर्क. यामाहा ही मुळात पेटीवाल्यांची कंपनी. तोराकुसू यामाहा याने 1887 मध्ये हामामात्सूच्या एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला, तिथून सगळं सुरू झालं. आणि आरएक्समध्ये कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये काय आहे? रीड. हवा आत घेणारी आणि परत जाऊ न देणारी पातळ पाती. ज्या पात्यांतून पेटीचा सूर निघतो त्यांचीच ही चुलत भावंडं. तेव्हा आरएक्सवाला मध्यरात्री गल्लीतून गेला की जाग्या झालेल्या सोसायटीने त्याला शिव्या घालण्यापूर्वी एवढं लक्षात घ्यावं की तो तांत्रिकदृष्ट्या वादन करत होता. तान जरा जास्त द्रुत होती, एवढंच.

या वादनाला साथ म्हणून पोरांनी सायलेन्सरच्या आतली जाळी काढली, पोर्ट घासले, हेड कापलं, ऑइल पंप बंद करून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल हाताने मिसळलं. दर वेळी मिस्त्री म्हणायचा, "भाऊ, आता बघा." भाऊ बघायचे, आणि चार दिवसांनी गाडी ढकलत आणायचे. आज हीच कापलेली, घासलेली, भोकं पाडलेली गाडी ‘रिस्टोअर’ करून मूळ स्थितीत आणायला जो खर्च येतो, त्यात तेव्हा पाच नव्या गाड्या आल्या असत्या. तोच मिस्त्री, आता पांढऱ्या मिशांचा, तीच जाळी परत बसवतो आणि म्हणतो, "भाऊ, आता बघा." त्याचा धंदा दोन्ही वेळा झाला. या सगळ्या व्यवहारात कायम नफ्यात राहिलेला माणूस शोधायचा असेल तर संग्राहकांच्या दिवाणखान्यात जाऊ नका, गॅरेजात जा.

1996 साली नवे प्रदूषणाचे नियम आले आणि आरएक्स 100 बंद झाली. त्याच वर्षी म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला, येझदी गेली. त्याच वर्षी वाल्टर काडेनही गेला. काही वर्षं 135 सीसीची आरएक्स लढली, पण धुराचे दिवस भरले होते. आणि हे योग्यच झालं, असं मी या छंदातल्या मित्रांसमोर कधी म्हणत नाही, पण म्हणायला पाहिजे. न जळता बाहेर पडणारं ते पेट्रोल आपल्याच छातीत जात होतं. दुर्मिळ आहेत म्हणून या गाड्या सुंदर वाटतात. मुंबईत पुन्हा पाच लाख आरएक्स सोडल्या तर आजचा भाव एका आठवड्यात उतरेल आणि खोकला दोन दिवसांत येईल.

सरकारची भूमिका याहून गमतीची आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे, मूळ रूपात पाहिजे. नव्याने नोंदणी करायला 20 हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पन्नास वर्षांचा हिशेब केला तर सगळ्यात पहिली भारतीय आरडी 2033 मध्ये व्हिंटेज होईल आणि आरएक्स 2035 च्या अखेरीस. तोवर लाखांची ती गाडी आरटीओच्या दारात एक म्हातारी दुचाकी आहे; पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करा, पर्यावरण कर भरा आणि हवा तपासणाऱ्याच्या नजरेला नजर देऊ नका. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर दिसला तर पोलीस काढून घेतात. आपल्या शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं छापून आली आहेत. फोटो बघताना सामान्य माणूस टाळ्या वाजवतो. संग्राहक भिंग घेऊन त्यात एखादा ओरिजिनल तर नाही ना, ते बघतो. आणि एवढं सगळं सोसून गाडी अखेर व्हिंटेज झालीच, तर नियम सांगतो की ती रोजच्या वापराला काढायची नाही. सरकारने शेवटी ताडपत्रीवाल्याच्याच बाजूने कौल दिला.

परवा अशाच एका संग्राहकाच्या घरी गेलो होतो. सोफा भिंतीला सारलेला, टीव्ही कोपऱ्यात, आणि मधोमध पिवळ्या दिव्याखाली चेरी रंगाची आरएक्स, खाली गालिचा. चहा आला तो आम्ही उभ्याने घेतला, कारण बसायला जागा नव्हती.

"चालू होते का हो?" मी विचारलं.

"होते की! एका किकमध्ये."

"मग करा ना, आवाज ऐकू."

ते दचकले. "अहो, घरात? आणि किलोमीटर पडतील."

"उभ्या गाडीला कसे पडतील?"

"तसं नाही. एकदा चालू केली की बाहेर न्यावीशी वाटते." हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं की वहिनींनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं दिसत होतं की बाहेर न्यायला त्यांची काही हरकत नाही. गाडीलाही आणि साहेबांनाही.

मग ते खाली वाकले आणि मला क्रँककेसच्या खालच्या बाजूचा ‘मेड इन जपान’ हा ठसा दाखवला. सुरुवातीच्या आरएक्स जपानहून आलेल्या भागांतून इथे जोडल्या जात, त्यांतली ही. तो ठसा बघायला आम्ही दोघं गालिच्यावर पालथे पडलो. ठसा खराच होता. त्याच्या शेजारी तेलाचा एक ताजा ओघळही होता, तो त्यांनी रुमालाने टिपला आणि विषय बदलला.

तो ओघळ कशामुळे होता, हे कुठलाही मिस्त्री सांगेल. दोन-स्ट्रोकच्या क्रँकला दोन्ही बाजूंना रबराचे ऑइल सील असतात. गाडी चालत राहिली तर ते तेलाने ओले राहतात. उभी राहिली की सुकतात, कडक होतात, चिरतात आणि गळतात. टाकीत पेट्रोल ठेवलं तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये राळ धरते. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जे ऐंशीच्या दशकातल्या रबराला मुळीच मानवत नाही. पेट्रोल काढून ठेवलं तर टाकी आतून गंजते.

तेव्हा तुमच्या जिन्याखाली, गोठ्यात किंवा मामांच्या वाड्यात अशी एखादी गाडी पडून असेल, तर आज दोन गोष्टी करा. आधी आरसी बुक शोधा, कारण कागद नसलेल्या आरडीला भंगाराचाच भाव येतो. आणि ते सापडलं की गाडी विकायची की ठेवायची याचा घोळ घालत न बसता क्रँकचे सील बदलून घ्या. दोन सिलांचा खर्च एका जेवणाच्या बिलापेक्षा जास्त नाही, मजुरी मात्र मिस्त्री ठरवेल.